भिंतीमागचं पाणी

भाद्रपदातला पाऊस आमच्याकडे गाजावाजा करत नाही. सकाळी लागतो आणि लागूनच राहतो. घराघरांत महालक्ष्म्यांची तयारी चाललेली असते, ज्वारीच्या आंबिलीचा आंबूस वास गल्लीभर फिरतो, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. यंदाही तो तसाच लागला आहे. लोक अशा वेळी खिडक्या लावून घेतात. मी छत्री घेऊन मागच्या अंगणात जाते, कठड्यावरून खाली वाकते आणि भिंतीतल्या नळ्या मोजते. तळच्या ओळीत सात, वरच्या ओळीत सहा. तळच्या सातांतून पाणी निघत असलं की बरं वाटतं. वरच्या सहा कोरड्याच असाव्यात. त्यांतून पाणी आलं तर भिंतीमागे ते वर चढतं आहे असं समजायचं. आज सकाळी सातही चालू होत्या. पाणी स्वच्छ होतं. गढूळ नव्हतं, म्हणजे माती जागेवर होती.

ही सवय मला जन्मजात नाही. ती एका पावसाळ्याने लावली.

नागपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला सपाट जमीन आणि ऊन आठवतं. पण गोरेवाड्याच्या बाजूला शहर संपत येतं तिथे जमीन चढ-उतार घेऊ लागते. आमचा लेआउट अशाच एका उतारावर आहे. प्लॉट पायऱ्यांसारखे एकाखाली एक, आणि दोन प्लॉटांच्या मध्ये एकेक भिंत. एकाचं अंगण म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावरची माती. घर घेताना हे कोणी सांगत नाही. आपणही विचारत नाही. आपण पाहतो ते स्वयंपाकघर कुठे येणार आणि देवघराला पूर्व मिळते की नाही.

तेव्हा मी एका दवाखान्यात सर्जरीच्या वॉर्डात नर्स होते आणि माझे यजमान, प्रकाश, बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आमचा प्लॉट मागच्या बाजूला सात फूट खाली उतरत होता. ठेकेदार म्हणाला, भिंत घालू, भराव टाकू, अंगण सपाट करून देऊ. भरावासाठी कुठल्या तरी दुसऱ्या बांधकामाच्या पायातून निघालेली काळी माती आली. ट्रकमागून ट्रक रिकामे झाले. भिंत विटांची, नऊ इंची, सरळ ओळंब्यात. वरून प्लास्टर, प्लास्टरवर पिस्ता रंग. तळाशी पाणी जायला तीन नळ्या ठेवल्या होत्या. त्या भिंतीकडे पाहून मी खूश झाले होते, हे मला स्पष्ट आठवतं. मी तिथे मोगरा लावला, आणि प्रकाशने भिंतीला लागूनच स्कूटर ठेवायला सिमेंटचा ओटा केला. गच्चीवरच्या पाण्याचा पाइपही त्याच अंगणात सोडला होता. झाडांना पाणी मिळेल, असा त्यामागचा विचार.

भिंतीच्या खाली गजभियेबाईंचं घर. त्यांचे यजमान खापरखेड्याला वीज केंद्रात कामाला होते. ते गेल्यावर बाई तिथलं क्वार्टर सोडून, दोघांनी आधी घेऊन ठेवलेल्या या छोट्या घरात राहायला आल्या होत्या. मुलगी लग्न होऊन भंडाऱ्याला. बाई एकट्या, पण रिकाम्या कधीच नाहीत. गांधीबागेतल्या एका कापड दुकानातून कापलेल्या परकरांचे गठ्ठे यायचे आणि त्या ते शिवून द्यायच्या. ओसरीत, अगदी भिंतीकडे तोंड करून, त्यांची पायमशीन. दुपारची ड्युटी असली की सकाळभर मला तिचा आवाज ऐकू यायचा. लांब शिवण असली की एका दमात, नेफा आला की तुटक तुटक. पावसात तो आवाज अधिक जवळचा वाटायचा. त्यांचा कपडे धुण्याचा दगडही भिंतीच्या पायथ्याशीच होता, कारण नळ तिथे होता.

एका श्रावणात सकाळीच खालून हाका आल्या.

"सिस्टर! अवो सिस्टर! लवकर पाहा तं!"

मी कठड्यावरून वाकले. बाई ओसरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या आणि भिंतीतल्या मधल्या नळीतून एक धामण अर्धी बाहेर आली होती. पिवळसर, ओली, अजिबात घाई नसलेली. थोड्या वेळाने ती खाली उतरून गवतात निघून गेली. धामण विषारी नसते हे मी त्यांना सांगितलं.

"विषारी नसन, पण साप तं आहे ना बाप्पा! मी तिथी बसून कपडे धुतो. अन पानी पण पाहा कसं येऊन राहिलं, सगळा चिखल. काल धुतलेली चादर पुन्हा धुवा लागली. हे भोकं बुजवून टाका ना वं सिस्टर. कायले पाहिजे थे?"

त्यांचं म्हणणं मला पटलं. खरंच, कशाला हवी होती ती? नळ्यांतून येणारं पाणी त्यांच्या अंगणात जात होतं, म्हणजे आमची घाण त्यांच्याकडे जात होती. शेजारधर्म म्हणून एवढं करायला काहीच हरकत नव्हती. घर बांधताना उरलेलं थोडं सिमेंट होतं. मी ते रेतीत कालवून एका प्लॅस्टिकच्या मगात घेतलं, वॉर्डातले हातमोजे चढवले आणि खाली गेले. तो मग बाईंनी हातात धरला. मी तिन्ही नळ्यांत सिमेंट भरलं, तीन बोटांनी आत दाबलं, वरून सारखं केलं. दहा मिनिटांचं काम. मग बाईंनी आलं घातलेला चहा केला आणि आम्ही ओसरीत बसून प्यालो. समोरची भिंत आता एकसारखी दिसत होती. मला वाटलं, हे ठेकेदारानेच करायला हवं होतं.

त्याच दिवशी दुपारी मी ड्युटीवर गेले. सर्जरीच्या वॉर्डात माझं निम्मं काम नळ्या पाहण्याचं. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पोटातून बाहेर काढलेली नळी वाहते आहे की नाही, किती वाहते, रंग काय. नळी बंद पडली की आत साचतं, ताप चढतो, टाके ताणतात. नव्या मुलींना मी हे शंभर वेळा सांगितलं असेल. सकाळी घरी केलेलं काम आणि दुपारी वॉर्डात केलेलं काम यांच्यात काही संबंध आहे हे मला त्या दिवशी सुचलं नाही. पुढे वर्षभर सुचलं नाही. माणूस शिकलेलं ज्ञान बहुधा ड्युटीच्या कपड्यांबरोबर खुंटीला टांगून येतो.

तो पावसाळा निघून गेला. काही झालं नाही. हिवाळा गेला. वैशाखात आमच्या अंगणातली काळी माती भेगाळली. काळ्या मातीचा स्वभावच तो, पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते. सगळ्यात मोठी भेग भिंतीच्या कडेने, भिंतीला समांतर गेली होती. हात जाईल एवढी रुंद. मी तिच्यात झाडलेला पाचोळा टाकायचे. मोगऱ्याला पाणी घातलं की त्यातलं बरंचसं त्या भेगेत गुडुप व्हायचं, आणि मला वाटायचं, जमीन किती तहानलेली आहे.

मग पुढचा पावसाळा आला, ज्याची ही गोष्ट आहे.

त्या वर्षी पाऊस फार झाला असं लेआउटमधले लोक अजून म्हणतात. मला तसं आठवत नाही. नेहमीसारखाच होता. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबतींचे पुतळे मिरवत निघाले, मग भाद्रपदाची झड लागली. मला दुसऱ्या गोष्टी आठवतात. स्कूटरचा ओटा भिंतीकडे किंचित कलला, आणि प्रकाशने चाकाखाली लाकडाचा तुकडा ठेवला. पिस्ता रंगाचे पापुद्रे निघाले, खाली पांढरं मीठ फुटल्यासारखं दिसू लागलं. मोगऱ्याच्या बुंध्याशी पाणी दिवसभर उभं राहायचं. हे सगळं मी पाहत होते. कोणी विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. पण त्याचा अर्थ लावावा असं वाटलं नाही.

महालक्ष्म्या बसायच्या दोन दिवस आधी गजभियेबाई चढ चढून आमच्या दारात आल्या. त्या सहसा वर यायच्या नाहीत.

"सिस्टर, तुमच्या भिंतीले पोट सुटलं."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"हसू नका. मशीनवर बसलो की समोर थेच दिसते. आधी सरळ होती, आता मधातून बाहेर येऊन राहिली. आडवी भेग पण गेली एक."

मी अंगणात जाऊन कठड्यावरून पाहिलं. वरून पाहिलं की भिंतीची वरची कड दिसते, आणि कड सरळ होती. मी तसं म्हटलं.

"तुम्ही वरून पाहून राहिल्या. खालून दिसते थे वरून नाही दिसत."

"महालक्ष्म्या होऊ द्या," मी म्हणाले. "एवढं झालं की मिस्त्री बोलावते. या पावसात कोण येणार?"

"पाहा बा," त्या म्हणाल्या आणि पदर डोक्यावर घेऊन उतरून गेल्या. मी त्यांच्याबरोबर खाली गेले नाही. पुरणाची डाळ निवडायची होती. हे कारण आज लिहिताना हास्यास्पद दिसतं, पण तेव्हा ते पुरेसं होतं.

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर समया घासत होते. पाऊस थांबला होता. उघडीपच होती, थोडं ऊनही पडलं होतं. मागून एक आवाज आला. फार मोठा नव्हता. भरलेलं पोतं उंचावरून टाकल्यासारखा, दबका. मागोमाग पाण्याचा लोट गेल्याचा आवाज. मी मागचं दार उघडलं तर अंगण अर्धंच उरलं होतं. ओटा, मोगरा, कठडा, सगळं खाली. समोर एकदम मोकळं आकाश दिसत होतं, जिथे आधी कठडा दिसायचा.

झड लागल्यावर साचलेले कपडे धुवायला उघडीप मिळाली म्हणून बाई दगडाशी गेल्या होत्या. आवाज ऐकून मागे सरल्या, त्यामुळे त्या वाचल्या. उजवा पाय मात्र मागे राहिला. घोट्यापर्यंत विटा, त्यावर चिखल. मी धावत फिरून खाली गेले. अशा वेळी माझे हात आपोआप चालतात. मनात काय चाललं होतं ते आठवत नाही. विटा बाजूला केल्या, पाय पाहिला, हाड कुठे मोडलंय ते हाताला कळलं. कापडाचा गठ्ठा बांधून आला होता त्यातला पुठ्ठा घेऊन आधार दिला आणि परकराच्या पट्ट्यांनी पाय बांधला.

"हलू नका," मी म्हटलं.

"हलत नाही," त्या म्हणाल्या. तोंड पांढरं पडलं होतं, आवाज मात्र नेहमीचा. "सिस्टर, मशीनले चिखल लागला असन. ओसरीत घुसलं पानी. आधी मशीन पुसून घ्या. गंजन थे."

मी मशीन पुसली नाही. रिक्षा बोलावली. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या दोनदा म्हणाल्या, मशीन राहिली.

घोटा दोन जागी मोडला होता. पायाची पुढची लहान हाडंही चेपली होती. ऑपरेशन झालं, सळ्या बसल्या, मग प्लास्टर. हाडांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बाई चालतील, पण घोटा पूर्वीसारखा वाकणार नाही. मी विचारलं, पायमशीन? त्यांनी नकारार्थी मान हलवली. पायमशीन म्हणजे दिवसभर घोट्याचंच काम, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

लेआउटमधले लोक पाहायला आले. पडलेल्या भिंतीकडे पाहून सगळ्यांनी एकच म्हटलं: पाऊसच तसा झाला. कोणी म्हणालं काळी माती वाईट. कोणी म्हणालं ठेकेदार चोर. मीही म्हणाले, हो ना, पाऊसच तसा झाला. हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्या वेळा म्हटलं की ते मला खरं वाटू लागलं होतं. बाई तर पहिल्यापासून तेच म्हणत होत्या. "पान्यापुढं कोणाचं चालते?" त्या प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून म्हणायच्या, आणि मी मान हलवायचे.

प्रकाशच्या ओळखीने कन्हानचे एक मिस्त्री आले. दौलत मिस्त्री. साठी ओलांडलेले, बारीक, डोक्याला पंचा. आयुष्यभर दगडाचं काम केलेला माणूस. ते भाद्रपदातच एकदा येऊन पाहून गेले, उरलेल्या मातीचा कडा तिरपा छाटायला सांगितला, त्यावर ताडपत्री टाकली आणि म्हणाले, "दसऱ्यानंतर येतो. ओल्या मातीत पाया खोदला तं खोदणाराच गाडला जाईन." त्यांच्याबरोबर एक इंजिनिअर आणा असंही त्यांनीच सांगितलं. कमरेच्या वरची भिंत नुसत्या मिस्त्रीच्या भरवशावर बांधू नये, हे एका मिस्त्रीच्याच तोंडून ऐकून प्रकाशला आश्चर्य वाटलं. इंजिनिअर आले, मातीत खड्डे करून पाहिले, कागदावर आकृती काढून दिली.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. पहिले तीन दिवस नुसता राडारोडा उचलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी मला हाक मारली. त्यांच्या हातात नळीचा एक तुकडा होता, आत सिमेंटचा बोळा. बोळ्यावर तीन बोटांचे खोलगट ठसे.

"ताई, हे मिस्त्रीचं काम नाही," ते म्हणाले. "मिस्त्री थापीनं करते. हे बोटानं केलेलं आहे."

त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला नाही, फेकलाही नाही. नीट बाजूला, एका विटेवर ठेवला. आणि मग, जणू मी काही विचारलंच आहे अशा स्वरात, सांगू लागले.

"माती भिंत नाही पाडत, ताई. पानी पाडते. कोरडी माती आपल्या जागी उभी राहते, भिंतीवर जरासा भार टाकते. तिच्यात पानी भरलं, जायले जागा नसली, का थे सगळं पानी भिंतीले ढकलते. खाली जितकं खोल, तितकं जास्त ढकलते. म्हणून भिंत मधातून, खालून फुगते. आधी पोट सुटते, मग पडते."

मी म्हटलं, "पाऊस थांबल्यावर पडली. ऊन होतं."

"असंच होते. पाऊस थांबला म्हणून आतलं पानी थांबत नाही. थे हळूहळू उतरत राहते."

वॉर्डात टाके कधी उसवतात हे मला माहीत होतं. ऑपरेशनच्या दिवशी नाही. चार दिवसांनी, सगळं ठीक आहे असं वाटू लागल्यावर. मिस्त्री बोलत होते आणि मी त्या विटेवरच्या नळीकडे पाहत होते. ती बुजवल्यावर आत काय काय झालं असेल ते मला क्रमाने, केस-पेपरवर लिहावं तसं, दिसत गेलं.

मला सुटका हवी असती तर ती मिस्त्रींनीच दिली असती. भिंत नऊ इंची, तीही विटांची, ती एवढी माती पेलणारच नव्हती. पाया दीड फूट आणि तोही काळ्या मातीवर. मागे खडी-गिट्टी नाही, म्हणून नळ्यांतून चिखल यायचा. गच्चीचं पाणी भिंतीमागेच सोडलेलं. काठावर ओट्याचा भार. "भोकं उघडे असते तरी ही भिंत म्हातारी होऊन नव्हती मरत," ते म्हणाले. "दोन-चार वर्षं अजून निघाली असती." दोन-चार वर्षं. तेवढ्यात आम्ही तिची आडवी भेग पाहिली असती, कदाचित मिस्त्री बोलावला असता. कदाचित नसताही बोलावला. हा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिला आणि दर वेळी तो त्या प्लॅस्टिकच्या मगापाशी येऊन थांबला.

नवी भिंत बांधताना मी रजा घेतली होती. मला सगळं पाहायचं होतं. काळी माती संपून कडक मुरूम लागेपर्यंत त्यांनी पाया खोदला. कुदळ आपटली की ठण्ण आवाज येऊ लागला तेव्हा थांबले. पायथ्याशी भिंत चार फुटांहून जास्त रुंद, वर येता येता दीड फुटावर आलेली, आणि तिचा चेहरा थोडा मागे, मातीकडे झुकलेला. दार ढकलून धरणारा माणूस ताठ उभा राहत नाही, दाराकडे झुकतो, तसा. काळा दगड, सिमेंटमध्ये पक्का बसवलेला. भिंतीच्या मागे तळाशी भोकं पाडलेला एक पाइप, उतार देऊन थेट रस्त्याच्या नालीकडे नेलेला. त्याच्यावर आणि भिंतीच्या पाठीला लागून वरपर्यंत फूट-दीड फूट जाडीची गिट्टी. गिट्टी आणि माती यांच्यामध्ये विणलेलं जाड कापड, ज्यातून पाणी जातं पण माती जात नाही. आणि दोन ओळींत, दर चार फुटांवर नळ्या, बाहेरच्या बाजूला उतरत्या, आतल्या तोंडाला बारीक जाळी. "आता धामण येत नाही," मिस्त्री म्हणाले. ती गोष्ट मी त्यांना तोवर सांगितली होती. नळ्यांखाली, बाईंच्या बाजूला, एक उथळ पन्हळ केली. त्यामुळे बाहेर येणारं पाणी त्यांच्या अंगणात न पसरता नालीला लागतं. एवढी जाळी आणि पन्हळ पहिल्यापासून असती तर त्यांनी तक्रारच केली नसती.

भराव काळ्या मातीचा टाकला नाही. मुरूम आणला. तोही एकदम ओतला नाही. वीतभर थर, थोडं पाणी, धुम्मसाने ठोकायचं, मग पुढचा थर. आठ दिवस तो आवाज चालला होता, धप्प, धप्प, एका लयीत. सगळ्यात वर अंगणाला घराकडून बाजूला उतार दिला आणि गच्चीचा पाइप बंद नळीतून सरळ रस्त्यावर काढला. पुढे पंधरा-वीस दिवस मी सकाळ-संध्याकाळ दगडांच्या सांध्यांवर पाणी मारत होते. पाण्यामुळे पडलेल्या भिंतीच्या जागी बांधलेली भिंत पाण्यानेच पक्की होत होती.

त्या दिवसांत बाई प्लास्टर घेऊन ओसरीत बाजेवर असायच्या. समोर काम चाललेलं. मशीन कोपऱ्यात, चादरीने झाकलेली. एक दिवस पाणी मारून झाल्यावर मी त्यांच्याकडे बसले आणि सांगितलं. भिंत पावसाने पडली नाही. नळ्या बुजवल्या म्हणून पाणी आत कोंडलं, म्हणून पडली. मिस्त्रींनी बोळे दाखवले.

मला वाटलं होतं की मी माझा गुन्हा सांगते आहे. त्यांनी प्लास्टरमधला पाय दोन्ही हातांनी जरा सरकवला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी म्हटलं म्हणून पडली."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके दिवस पाऊस दोषी होता तोवर त्यांचा पाय फक्त मोडलेला होता. आता मी त्यांच्या हाती आणखी काही ठेवलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "तुम्हाला काय माहीत? मला माहीत असायला पाहिजे होतं. माझं कामच ते आहे. आणि तुम्ही सांगायला आलात तेव्हा मी खाली आले नाही."

"हो," त्या म्हणाल्या. "नाही आल्या."

मी उठून आले. पुढे मी त्यांच्या पायाचे व्यायाम करून घ्यायला रोज जायचे. त्या करायच्या, दुखलं तर सांगायच्या, चहा द्यायच्या. पण आमच्यात गप्पा राहिल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, घोटा आखडलाच. मुलगी येऊन मशीनला मोटर बसवून गेली. मोटर चालवायला पायाखालचं पेडल नुसतं दाबावं लागतं, ते डाव्याने दाबता येतं. पहिले काही महिने शिवण पळायची. "माझं आयकतच नाही हे," असं त्या मशीनला म्हणताना मी ऐकलं आहे. गांधीबागेचे गठ्ठे काही दिवस बंद होते, मग थोडे सुरू झाले, मग पूर्वीइतके. आता आवाज वेगळा येतो, एकसुरी, घरघर. लांब शिवण आणि नेफा यांतला फरक मला आता वरून कळत नाही.

वर्षं गेली. मी निवृत्त झाले. बोलणंही परत आलं, अमुक दिवशी असं नाही. भाजीला बरोबर जाणं सुरू झालं, मग एकमेकींच्या घरचं लोणचं. भिंत आणि पाय हे दोन विषय मात्र आम्ही काढत नाही. त्या थोड्या लंगडतात. मी माझी चाल हळू ठेवते.

गेल्या आठवड्यात आम्ही अशाच भाजी घेऊन परत येत होतो. झड जरा थांबली होती. वरच्या गल्लीत एका तरुण जोडप्याने नवं घर बांधलंय. त्याच्या कडेची भिंत आमच्या पहिल्या भिंतीसारखीच, उंच आणि गुळगुळीत. फिकट निळा रंग. बाई चालता चालता थांबल्या. मीही पाहिलं. भिंतीत तळाशी ओळीने गोल ठिपके होते, बुजवून वरून रंग मारलेले. घराचा मालक फाटकाशी गाडी पुसत होता.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "हे भोकं काहून बुजवले?"

तो हसला. "अरे काकू, पानी येऊन येऊन पूरा कलर खराब होऊन राहिला होता. नवीन घर आहे."

"उघडा थे."

"काही नाही होत काकू. इंजिनिअरनं बांधली आहे."

"इंजिनिअरनं भोकं ठेवले होते ना? बुजवले तं तुम्ही."

तो पुन्हा गाडीकडे वळला. तेव्हा बाईंनी भाजीची पिशवी माझ्याकडे दिली, फाटकाच्या दांड्याला एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने साडी घोट्याच्या वर घेतली. तो पाय मी शेकडो वेळा हातात घेतला होता. रस्त्यावर, दिवसाच्या उजेडात, दुसऱ्या कोणाच्या नजरेने तो पाहिला नव्हता. शिवणीची लांब खूण, आत वळलेली बोटं.

त्या तरुणाच्या हातातलं फडकं थांबलं. "कशानं झालं हे?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, कित्येक वर्षं तयार होतं. पण बाई माझ्याआधी बोलल्या.

"आमच्या इथली भिंत पडली," त्या म्हणाल्या. "आमी दोघीनं भोकं बुजवले होते."

त्यांनी साडी सोडली, नीट केली आणि पिशवी परत घेतली. दोघी म्हणजे कोण हे त्याने विचारलं नाही. तो आत गेला आणि सळई-हातोडा घेऊन आला.